खताची टोपली आणि तिसरा आठवडा

दुधी, बटाटा, केळं यांची सालं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराआड ठेवली, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरभर वास सुटतो. तीच सालं परसातल्या आंब्याखाली पाचोळ्यात पसरली, तर काही आठवड्यांत कुठे गेली ते कळतही नाही; आणि वास म्हणाल तर ओल्या मातीचा. सालं तीच, हवामान तेच. मग फरक कशाने पडतो?

दुसरं कोडं माणसांचं आहे. सोसायटीच्या सभेत ठराव मंजूर होतो, घरोघर खताच्या टोपल्या वाटल्या जातात, फोटो निघतात. चार महिन्यांनी पाहावं तर कितीतरी टोपल्यांत कांदे-बटाटे नाहीतर कपड्यांचे चिमटे असतात. लोकांना पर्यावरणाची चाड नाही, असं म्हणून मंडळी मोकळी होतात. पण जिथे टोपल्या वर्षानुवर्षं चालू राहतात, तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नसतात. तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट जास्तीची असते: जिन्यात हाक मारता येईल असा, टोपलीत हात घालायला न कचरणारा एखादा शेजारी किंवा शेजारीण.

ही दोन्ही कोडी एकमेकांत गुंतलेली आहेत. टोपलीत काय घडतं ते नीट कळलं, की अशा स्वयंसेवकाचं खरं काम कोणतं आणि ते नेमकं कधी लागतं, हेही कळतं.

कुजण्याचे दोन मार्ग

कचरा कुजवतात ते जिवाणू आणि बुरश्या. त्यांना बाहेरून आणावं लागत नाही; मातीत, हवेत, भाजीच्या सालीवर ते असतातच. प्राणवायू मिळाला तर हे सूक्ष्मजीव सालीतल्या कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात, सोबत पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. या कुजण्याला घाण वास नसतो. उलट शेवटच्या टप्प्यात ॲक्टिनोमायसीट्स नावाच्या गटातले जिवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यातही याच द्रव्याचा मोठा वाटा असतो.

प्राणवायू संपला की वेगळेच जिवाणू कामाला लागतात. हवेशिवाय जगणारे हे जिवाणू अन्न अर्धवट फोडतात. त्यातून आंबूस आम्लं, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वायू तयार होतात. बांधलेल्या पिशवीत हवा शिरायला वाट नसते म्हणून सालं नासतात. पाचोळ्यात पानापानांमध्ये पोकळी असते म्हणून तिथे तोच माल निमूटपणे मातीत मिसळतो.

शहराच्या कचरा डेपोत पिशवीतलाच प्रकार डोंगराएवढा होऊन घडतो. खालच्या थरांना हवा मिळत नाही, मिथेन साठत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो ज्वालाग्राहीही आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या डेपोला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. अशा डोंगरांना आग लागते आणि ती विझता विझत नाही, त्यामागे आत कोंडलेला हा वायू असतो.

टोपलीला काय लागतं?

घरच्या टोपलीत आपल्याला पाचोळ्याखालची परिस्थिती उभी करायची असते. त्यासाठी चार गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट हवा. टोपली जाळीदार किंवा भोकं पाडलेली हवी, आणि आतला माल दोन-तीन दिवसांनी वर-खाली करायला हवा.

दुसरी गोष्ट सुकं साहित्य: वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. याची दोन कामं असतात. ते पोकळी ठेवतं आणि जास्तीचं पाणी शोषतं. शिवाय सूक्ष्मजीवांच्या आहाराचा समतोलही तेच राखतं. जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन आणि शरीर बांधायला नायट्रोजन लागतो. नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग, हे प्रमाण त्यांना सर्वांत मानवतं. भाजीच्या कचऱ्यात नायट्रोजन तुलनेने जास्त, सुक्या पानांत आणि भुशात कार्बन जास्त. म्हणून ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्याचा थर. ओला कचरा दिसणार नाही इतकं सुकं घालावं, हा घरगुती नियम काट्यावर मोजण्यापेक्षा सोपा आणि पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट ओलावा. वजनाच्या निम्म्याहून किंचित जास्त पाणी, हे योग्य प्रमाण. मूठभर माल हातात घेऊन घट्ट दाबावा. एक-दोन थेंब बोटांतून आले तर छान. धार लागली तर सुकं वाढवायचं. मूठ उघडताच माल भुरभुरला तर पाण्याचा शिपका द्यायचा.

चौथी गोष्ट विरजण. दूध नुसतं ठेवलं तरी आंबतं, पण दही लागेल याची खात्री नसते. चमचाभर जुनं दही घातलं की योग्य जिवाणूंची फौज आधीच तयार असते. नव्या टोपलीत शेजाऱ्याच्या चालू टोपलीतलं दोन ओंजळी खत घातलं, की तेच होतं. बाजारात याच कामासाठी ‘कल्चर’ मिळतं, आणि आंबट ताक शिंपडणारी घरंही बरीच आहेत. पण शेजारचं खत फुकट असतं, आणि त्यातले जीव आपल्याच भागातल्या हवेला सरावलेले असतात. स्वयंसेवकाची पहिली भेट रिकाम्या हाताने का होऊ नये, त्याचं हे कारण.

हे सगळं जमलं की टोपली दोन-तीन दिवसांत कोमट लागू लागते. मोठ्या ढिगाचं तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. घरच्या छोट्या टोपलीतून उष्णता लवकर निसटते, त्यामुळे ती तेवढी तापत नाही. न तापणारी टोपली बिघडलेली नसते, फक्त सावकाश चालते. भरलेली टोपली बाजूला ठेवून दुसरी सुरू केली, की पहिलीतला माल साधारण दीड-दोन महिन्यांत काळसर, भुसभुशीत होतो.

तिसऱ्या आठवड्यात काय बिघडतं?

आता दुसऱ्या कोड्याकडे. टोपल्या बंद पडतात त्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यांच्या दरम्यान. तोवर उत्साह ओसरलेला असतो, हे खरं. पण मुख्य कारण टोपलीतच आहे.

भाजीच्या कचऱ्यात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. भारतीय शहरांत माणशी दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा धरतात, त्यातला निम्मा ओला. म्हणजे चौघांच्या घरातून रोज किलोभर ओला कचरा, आणि त्यातून टोपलीत जाणारं पाऊण लिटर पाणी. पहिले काही दिवस तळाचा कोरडा भुसा ते शोषून घेतो. मग त्याची क्षमता संपते आणि तळाच्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद सरकतो. त्यामुळे वर सगळं ठीक दिसत असतानाही तळ गुदमरतो, आणि एके सकाळी झाकण उघडताच वास येतो.

याच सुमारास माश्याही दिसू लागतात. केळ्याच्या सालीवर चिलटांची अंडी असतात ती बाहेरूनच आलेली. उबदार हवेत त्यांची पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, म्हणून पहिल्या आठवड्यात न दिसलेली चिलटं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झाकणाबरोबर उडतात. कधी त्यासोबत जाडसर, मळकट पांढऱ्या अळ्याही वळवळताना दिसतात. त्या बहुधा ‘काळी सैनिक माशी’ या कीटकाच्या असतात. अंड्यातून निघाल्यावर दोनेक आठवड्यांत त्या डोळ्यांत भरण्याएवढ्या होतात. त्यांची भीती बाळगण्याचं कारण नाही: त्या कचरा झपाट्याने फस्त करतात, आणि त्यांची प्रौढ माशी चावत नाही की घरमाशीसारखी आपल्या अन्नावर बसायला येत नाही. पण स्वयंपाकघरात अळ्या बघून किंचाळणाऱ्या माणसाला हे त्या क्षणी कुणीतरी सांगावं लागतं. टोपलीबरोबर मिळालेलं पत्रक तोवर रद्दीत गेलेलं असतं.

म्हणजे पाणी, वास, चिलटं आणि अळ्या ही चारही संकटं ठरल्यासारखी एकाच वेळी येतात. प्रत्येकावरचा उपाय दहा मिनिटांचा असतो. पण ज्याने यापूर्वी टोपली पाहिलेली नाही त्याला ‘हे बिघडलं’ आणि ‘हे असंच असतं’ यातला फरक कळत नाही, आणि तो टोपली रिकामी करून टाकतो.

चौकट: टोपली काय सांगते?

सडक्या अंड्यासारखा वास: तळाला हवा नाही. सगळा माल उपसून ढवळावा, भरपूर सुकं मिसळावं, तळाची भोकं मोकळी करावीत.

नाकात झोंबणारा वास: नायट्रोजन जास्त झाला, त्यातून अमोनिया निघतो आहे. भुसा किंवा सुकी पानं वाढवावीत.

आंबूस वास: सुरुवातीच्या दिवसांत थोडासा असतोच. ढवळावं, दोन दिवस ओला कचरा कमी घालावा.

चिलटं: फळांची सालं उघडी राहिली. वर सुक्याचा जाड थर द्यावा, झाकणाला पातळ फडकं बांधावं.

मुंग्या: माल फार कोरडा झाला. पाण्याचा शिपका देऊन ढवळावं.

काहीच घडत नाही: तुकडे मोठे आहेत किंवा ओलावा कमी आहे. चिरून घालावं, विरजण म्हणून जुनं खत मिसळावं.

काय टाळावं: मांस-मासळी, हाडं, तेलकट रस्सा. नवशिक्या टोपलीत शिजलेलं अन्नही थोडंच घालावं.

पत्रकाला जे जमत नाही

स्वयंसेवकांच्या कामाला आपण सवयीने ‘जनजागृती’ म्हणतो. खरं तर बहुतेक घरांना ओला-सुका कचरा वेगळा करावा, खत करावं, हे माहीत असतं. कमी पडते ती खात्री: हे माझ्या बाल्कनीत, माझ्या माणसांत, वास न येता होऊ शकतं ही. ती वाचून येत नाही. शेजारच्या काकूंनी टोपलीचं झाकण उघडून ‘वाकून वास घ्या’ म्हटलं, की अर्ध्या मिनिटात येते.

मानसशास्त्रज्ञांनी हे तपासूनही पाहिलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट या गावी शॉन बर्न यांनी केलेला, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. काही घरांना कचरा वेगळा करण्याबद्दल फक्त पत्रक दिलं. काही घरांकडे त्याच गल्लीतला, स्वतः ते करणारा शेजारी जाऊन बोलला. शेजारी गेलेल्या घरांतून कचरा वेगळा करण्याचं प्रमाण पत्रकवाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त राहिलं. शेजारी दारात आला की ‘असं करावं’ या उपदेशाची जागा ‘इथे असं करतात’ ही माहिती घेते, आणि माणूस आपल्यासारख्यांकडे बघूनच वागणं ठरवतो.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. सभेत ठरावाला हात वर करणारा एक असतो, आणि रोज सालं टाकणारा हात दुसऱ्याचा. तो घरातल्या बाईचा किंवा कामाला येणाऱ्या मावशींचा असतो. मावशींना टोपली कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नसेल, तर दुधाची पिशवीही तिच्यातच जाणार. म्हणून जाणता स्वयंसेवक सभेत भाषण करण्यापेक्षा सकाळी दहाच्या सुमारास, भाजी चिरली जात असताना दार वाजवतो.

सुराबायाची टोपली

इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. सुमारे तीस लाख वस्तीच्या या शहरातला कपुतिह इथला कचरा डेपो २००१ मध्ये आसपासच्या लोकांच्या विरोधामुळे बंद झाला, आणि रस्तोरस्ती कचरा साचला. पुढे जपानमधल्या किताक्युशू शहराच्या सहकार्यातून कोजी ताकाकुरा हे तज्ज्ञ तिथे आले. २००४ च्या सुमारास त्यांनी स्थानिक संस्थेबरोबर एक पद्धत बसवली. ती आज ‘ताकाकुरा टोपली’ म्हणून ओळखली जाते.

कपडे ठेवायची साधी जाळीदार टोपली, आतून पुठ्ठ्याचं अस्तर, तळाला आणि वर भाताच्या तुसाची उशी. विरजण मात्र परदेशातून आणलेलं नाही: तेम्पे आणि तापे हे तिथल्या घरोघरी खाल्ले जाणारे आंबवलेले पदार्थ वापरून, भाताचा कोंडा आणि तूस यांत सूक्ष्मजीव वाढवले जातात. लोकांना जे आंबवणं पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, त्याच्याच आधारावर ही पद्धत उभी राहिली.

महापालिकेने अशा हजारो टोपल्या फुकट वाटल्या. पण वाटून ती थांबली नाही. वस्त्यावस्त्यांमधल्या महिला मंडळांतून स्वयंसेविका तयार केल्या गेल्या. त्या घरोघर जाऊन टोपली बघत, बिघडली असेल तर दुरुस्त करून देत. वस्त्यांमध्ये हिरवाई आणि स्वच्छतेच्या स्पर्धा लागल्या, तयार झालेलं खत गल्लीतल्या कुंड्यांत दिसू लागलं. शहराने स्वतःची खत केंद्रंही चालवली. काही वर्षांत डेपोवर जाणारा कचरा वीस टक्क्यांहून जास्त घटला. ही घट एकट्या टोपल्यांची नव्हे. पण टोपल्या घरात टिकल्या त्या मागे फिरून येणाऱ्या या बायकांमुळे.

आपल्याकडची वाट

मुंबईत १९९७ मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्लीचा कचरा गल्लीतच जिरवायला सुरुवात केली आणि त्यातून महापालिकेची ‘एएलएम’, म्हणजे वस्तीपातळीवरच्या व्यवस्थापनाची योजना पुढे आली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ त्याहून जुना. गच्चीवर पालापाचोळ्यातून माती तयार करायची, जमलं-फसलं ते एकमेकांना सांगायचं, आणि तज्ज्ञाची वाट न बघता शिकत जायचं, ही त्यांची रीत आजच्या टोपलीवाल्या गटांतही दिसते.

पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. घरच्या खताशी त्यांचा थेट संबंध आहे. ओलं घरातच जिरलं की उरलेला सुका कचरा कोरडा आणि स्वच्छ राहतो. कागदाला भाव मिळतो, आणि तो निवडणाऱ्या बाईचे हात सडक्या भाजीत जात नाहीत.

तारखेचंही भान हवं. खताच्या मोहिमा पुष्कळदा ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी सुरू होतात. महाराष्ट्रात याहून वाईट मुहूर्त नाही. आठवड्याभरात पाऊस येतो, हवेत दमटपणा भरतो, टोपलीतलं पाणी उडेनासं होतं आणि सुकी पानं कुठे मिळत नाहीत. तोच गट फेब्रुवारीत कामाला लागला, तर पानगळीचा पाला गोण्यांत भरून ठेवता येतो. एरवी हाच पाला झाडून जाळला जातो. कोरड्या हवेत पहिली टोपली बिनबोभाट पार पडते आणि पावसाळा येईपर्यंत घराचा हात बसलेला असतो.

टोपलीच्या आधी आणि नंतर

कुजवण्याआधी कमी करणं येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वाया जाणारं अन्न, सालं-देठं धरून, माणशी वर्षाला ५५ किलो असल्याचा अंदाज दिला आहे. यातलं काही टाळण्यासारखंच असतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, फोडणीची पोळी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, हे आपल्या स्वयंपाकघरांना नवीन नाही. टोपली रोज समोर असली की काय किती फुकट जातं ते दिसतं, आणि पुष्कळ घरांत भाजी आणण्याचं प्रमाणच बदलतं.

नंतरचा प्रश्न जास्त अवघड आहे. महिन्याला तीस किलो ओला कचरा घातला, तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन चार-सहा किलो खत उरतं. दोन कुंड्या असलेल्या घराला ते दोन-तीन महिन्यांतच जास्त होतं, आणि टोपल्या बंद पडण्याची दुसरी लाट तिथे येते. हे खत जमिनीचा पोत सुधारतं, ओल धरतं. पण ते विकत घ्यायला कुणी धावत येत नाही. ते सोसायटीच्या झाडांना, जवळच्या शाळेच्या बागेला किंवा रोपवाटिकेला कधी जाणार, हे आधीच ठरलेलं असावं.

म्हणून ज्या गटाला हे काम धरायचं आहे त्याने टोपल्यांची संख्या मोजू नये. दहा घरांमागे एक अनुभवी शेजारी, जिन्याखाली सगळ्यांसाठी सुक्या पानांची गोणी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली ठरलेली भेट आणि खत उचलण्याचा महिन्याचा एक दिवस, एवढी व्यवस्था आधी लावावी. मग टोपल्या आणाव्यात. शंभर घरांच्या सोसायटीतून रोज सुमारे शंभर किलो ओला कचरा निघतो. तेवढा जिरला तर महिन्याला तीन टन डेपोवर जायचं वाचतं. आणि सुरुवात दहाच घरांनी केली, तर पुढच्या नव्वद घरांसाठी विरजण आणि शिकवणारी माणसं, दोन्ही तयार असतात.